कुंभाराला कौतुक नको, माती हवी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वडूजच्या पेठेत एक देखावा पाहावयास मिळतो. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून कुंभारीण सुगडांची रास मांडून बसलेली असते. बऱ्यापैकी मिळकतीच्या घरातील एक गृहिणी एकेक सुगड बोटाने वाजवून पाहते आणि पाच सुगडांच्या किमतीत पाच-दहा रुपये कमी व्हावेत म्हणून घासाघीस करते. शेवटी आपल्या मनासारखा भाव पाडूनच ती तेथून निघते. शेजारच्या दुकानात मात्र प्लास्टिकच्या डब्यावर छापलेली किंमत ती निमूटपणे मोजते. ही गृहिणी आपल्याच घरातली आहे, हे आधी कबूल करू या. कारखान्याने छापलेली किंमत आपल्याला आज्ञेसारखी वाटते आणि हाताने काम करणाऱ्याने सांगितलेली किंमत वाटाघाटीसारखी. श्रमाविषयीची आपली खरी वृत्ती सभेतल्या भाषणांपेक्षा या बाजारात अधिक स्वच्छ दिसते.

कुंभारकामाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, काळाबरोबर जे जायचे ते जाणारच. स्टील आले, फ्रीज आला, मडक्याचे दिवस संपले. त्याबद्दल अश्रू ढाळणे हा भाबडेपणा. दुसरे म्हणतात, अहाहा, ती मातीची भांडी, तो मातीचा सुगंध, ते स्वयंपूर्ण खेडे! ते प्रदर्शनातून एखादा माठ विकत घेतात, दिवाणखान्यात ठेवतात आणि संस्कृतिरक्षणाचे समाधान पदरात पाडून घेतात. पहिल्यांना आपण पुरोगामी समजतो, दुसऱ्यांना रसिक. माझे म्हणणे असे आहे की दोघेही एकच चूक करतात. पहिले मडक्याचे मरण पाहतात, दुसरे मडक्याचे सौंदर्य पाहतात. मडके घडवणारा माणूस मात्र दोघांच्याही नजरेच्या कक्षेत येत नाही.

पहिल्यांच्या युक्तिवादाचा आधी विचार करू. हा धंदा आपोआप, निसर्गनियमाने मरतो आहे, हे खरे आहे काय? मागणी घटली, यात शंका नाही. पूर्वी पाणी साठवण्यापासून भाकरी भाजण्यापर्यंत सारा संसार मातीच्या भांड्यांत चाले. आधी जर्मनची भांडी आली, मग स्टील आले, मग प्लास्टिक आले. तरीही उन्हाळ्यात माठ विकला जातो, नवरात्रात घट लागतो, दिवाळीत पणती लागते, बेंदराला मातीचे बैल लागतात, नागपंचमीला नागोबा लागतो आणि शेवटच्या प्रवासात खांदेकऱ्यांच्या पुढे मडके लागतेच. गिऱ्हाईक कमी झाले, पण नाहीसे झाले नाही. मग धंदा कशाने मोडतो? कुंभारवाड्यात जाऊन विचारले तर उत्तर एकसारखे मिळते : माती मिळत नाही, जळण परवडत नाही, आवा लावायला जागा उरली नाही. ही तीनही कारणे बाजाराच्या नियमांत मोडत नाहीत. जमीन, पाणी आणि रान कोणाच्या ताब्यात असावे, या प्रश्नात ती मोडतात. आणि तो प्रश्न राजकारणाचा आहे.

माती म्हणजे कोठेही कुदळ मारली की मिळते, असा शहरी माणसाचा समज असतो. कुंभाराला चिकण गाळ लागतो. तोही तळ्याच्या, ओढ्याच्या किंवा नदीच्या विशिष्ट जागचा. ती माती वाळवायची, बडवायची, चाळायची, भिजत घालायची. तिच्यात लीद आणि राख बेताने मिसळून पायांनी तुडवायची. लीद कमी पडली तर भांडे वाळताना तडकते. जास्त झाली तर ते ठिसूळ होते. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी जी सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून पाणी झिरपून माठ गार राहतो. चाकावरून उतरलेले ओले भांडे थोडे सुकले की आत दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत त्याची भिंत पातळ आणि पोट गोल करायचे. मग सावलीत वाळवण, मग गेरू आणि शेवटी आवा. शेण्या, पाचट, लाकूड यांच्या थरांत भांडी रचून, वरून खापऱ्या व राख लिंपून रात्रभर जाळायचे. त्या रात्री अवकाळी पाऊस आला तर महिन्याचे श्रम चिखलात जातात. त्याचा पंचनामा होत नाही. ज्वारी भिजली तर तलाठी बांधावर येतो. आवा भिजला तर कोणी येत नाही.

हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ पासून जी उत्खनने झाली, त्यांत तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराची भट्टी आणि चाकावरची रंगविलेली भांडी सापडली. लहान मुलांना पुरण्यासाठी तोंडाला तोंड लावून ठेवलेले रांजणही तेथे सापडले. महाराष्ट्राचा इतिहास राजांच्या सनदांपासून मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की सनदा लिहिल्या जाण्याच्या कित्येक शतके आधी येथल्या माणसाने आपला इतिहास खापरावर लिहून ठेवला होता. आणि ते खापर घडवणाऱ्याचे नाव तेव्हाही कोणी नोंदवले नाही.

आता दुसऱ्यांकडे, म्हणजे जुन्या खेड्याच्या आठवणीने ज्यांचा कंठ दाटून येतो त्यांच्याकडे वळू. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे, ते एकदा तरी वाचावे. कुंभाराने वर्षभर गावाला मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, ही व्यवस्था दुरून मोठी सुसंवादी दिसते. परंतु खळ्यावरचा वाटा किती, हे ठरवणारा हात कोणाचा होता? पीक बुडाले की पहिली काटछाट कोणाच्या वाट्यात होत असे? जमीन ज्याची त्याची पाटी भरायची आणि उरलेल्या धान्यात बलुतेदारांनी आपापल्या पायरीप्रमाणे समाधान मानायचे, हा तो सुसंवाद होता. कुंभाराच्या पोटी जन्माला आला म्हणून चाकाला जुंपला, अशी ती कारागिरी होती. ज्या महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगूण आपल्या याच खटाव तालुक्यात आहे, त्यांनी जन्मावरून काम ठरवणाऱ्या या रचनेवर आयुष्यभर प्रहार केले. त्या तालुक्यात बसून आपण बलुतेदारीचे गोडवे गावेत, यासारखी विसंगती दुसरी नाही. बलुतेदारी मोडली हे चांगलेच झाले. वाईट झाले ते एवढेच की बलुते गेले आणि त्याच्या जागी हक्क आला नाही. खळ्यावरचा वाटा संपला, पण मजुरीचा दर ठरला नाही. गावकीची बंधने संपली, पण गावकीच्या मातीवरचा कुंभाराचा वहिवाटीचा अधिकारही त्यांच्याबरोबरच वाहून गेला.

या मातीचा हिशोब आपल्या येरळेच्या काठीच मांडून पाहू. वडूज येरळा नदीच्या काठी वसले आहे. या नदीवर नेरचा जुना तलाव आहे, येरळवाडीचे धरण आहे. अवर्षणाच्या या पट्ट्यात तलाव कोरडे पडतात आणि तळाचा गाळ उघडा होतो. शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. तलावातला गाळ उपसून शेतात टाकावा, ही कल्पना चांगली आहे. तिला आमचा विरोध नाही. परंतु या योजनेच्या नावाकडेच नीट पाहा. तिच्यात धरण आहे, शिवार आहे. कुंभाराचा आवा कोठेही नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या शेतापर्यंत गाळ जावा, याची चिंता शासनाला आहे. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही आणि ज्याचे पोट त्या गाळावरच आहे, त्याच्यासाठी दोन गाड्या राखून ठेवाव्यात, हे कोणाला सुचले नाही. गौण खनिजाच्या नियमांत पारंपरिक कुंभाराला मातीच्या स्वामित्वधनात सवलत आहे, असे उत्तर कचेरीतून मिळेल. सवलत आहे खरी. पण सवलत ही मातीच्या किमतीवर असते, माती कोठून घ्यायची ते ती सांगत नाही. जागाच नेमून दिलेली नसेल तर सवलतीचा कागद काय चाकावर ठेवून फिरवायचा?

येथे आणखी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. सातारा-सांगली भागात अनेक कुंभार कुटुंबे वीटभट्टीकडे वळली. त्यांतील काही भट्टीमालक झाली, बरीचशी भट्टीवर मजुरी करू लागली. जात एकच राहिली, वर्ग दोन झाले. म्हणून मातीची सवलत केवळ जातीच्या नावाने मागितली तर तिचा पहिला लाभ ज्याच्यापाशी ट्रॅक्टर आहे त्याच्या पदरात पडणार, आणि चाकावर बसणारा म्हातारा पाटी घेऊन पुन्हा उभाच राहणार. सवलत हवी ती हाताने भांडी घडवणाऱ्याला, त्याच्या गरजेच्या मापाने. जातीच्या दाखल्याच्या आड ट्रक भरणाऱ्याला नव्हे. जातिसंघटनांच्या मेळाव्यांतून गोरोबाकाकांचा जयजयकार होतो. तेरच्या या संताने थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे कोण ते सांगितले, अशी कथा आहे. आज तेच थापटणे घेऊन कोणी व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांच्या रांगेतून फिरला तर किती मडकी पक्की निघतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

नदीच्या संपत्तीवर श्रमिकांनी सामुदायिक हक्क सांगणे हा स्वप्नाळूपणा आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला याच येरळेच्या काठाने खाली सांगली जिल्ह्यात न्यावे. खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पाठबळाने १९८०च्या दशकात बळीराजा धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदाराच्या घशात जाऊ न देता, तिच्या मर्यादित विक्रीतून धरणासाठी पैसा उभा केला, आणि पाण्याच्या वाटपात भूमिहीनालाही वाटा असावा हे तत्त्व पुढे ठेवले. जमीन नसलेल्याचाही नदीवर हक्क आहे, ही घोषणा तेथे भिंतीवर नुसती रंगवलेली नव्हती. तिच्यासाठी माणसे लढली. ज्या नदीच्या वाळूवर असा हक्क सांगता आला, तिच्या गाळावर तो सांगता येणार नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

मातीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आणि त्याहूनही अधिक झाकलेला प्रश्न कुंभारणीचा आहे. चाकावर पुरुष बसतो म्हणून कारागीर तो, अशी आपली समजूत आहे. पण माती चाळते कोण, तुडवते कोण, गेरू कोण लावते, शेण्या कोण थापते, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात कोण बसते? चूल आणि शेगडी तर चाकाला न शिवता, नुसत्या हाताने, बाईच घडवते. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आहेत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन आहे, पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. परंतु नियम असा की एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळेल. आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. चाक पुरुषाचे मानले जात असताना ती एक व्यक्ती कोण ठरणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. दोघांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या व्यवसायात एकालाच कारागीर म्हणायचे आणि दुसरीला घरकाम करणारी समजायचे, हा अन्याय शासनाच्या नियमावलीत बिनबोभाट लिहिलेला आहे.

२०१६ साली उज्ज्वला योजनेतून घरोघर गॅस देण्याची मोहीम सुरू झाली. स्वयंपाक करणारी बाई चुलीच्या धुरातून सुटत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. धुराने खोकणाऱ्या बाईला परंपरेचे धडे देण्याचा निर्लज्जपणा आम्ही करणार नाही. पण चूल घडवून पोट भरणाऱ्या दुसऱ्या बाईचे काय, हा प्रश्न कोणी विचारला का? समाजाच्या भल्यासाठी एखादे काम संपत असेल, तर ते काम करणाऱ्याची जबाबदारी समाजाची असते. गिरणी बंद करताना निदान भरपाईचा शब्द तरी उच्चारावा लागतो. चूल बंद होताना तेवढाही उच्चार झाला नाही, कारण तिला मजुरीचे हजेरीपत्रक नव्हते.

कलेचे नाव घेणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या तालुक्यातील औंधला भवानी संग्रहालय आहे. तेथे देशोदेशीची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचे एक शिल्पही आहे. अशी संपत्ती आपल्या दुष्काळी मुलुखात आहे याचा कोणालाही अभिमान वाटावा. मूरच्या शिल्पाखाली मूरचे नाव असते आणि कुंभारणीच्या माठाखाली काहीच नसते, एवढाच फरक मला येथे दाखवावयाचा आहे. नाव असले की किंमत ठरते आणि किंमत ठरली की घासाघीस थांबते.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको भागात प्वेब्लो नावाने ओळखले जाणारे आदिवासी समाज आहेत. त्यांच्या स्त्रिया शतकानुशतके चाकाशिवाय, मातीच्या लांब वळ्या एकावर एक चढवून आणि त्या हाताने लिंपून भांडी घडवीत आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेबरोबर पत्र्याची भांडी आली आणि आपल्यासारखेच तेथेही मातीच्या भांड्याचे घरातले स्थान डळमळले. सॅन इल्डेफॉन्सो या गावच्या मारिया मार्टिनेझ या स्त्रीने आपला पती ज्युलियन याच्यासह, शेणखताने आग कोंडून भांड्याला काळी झळाळी आणण्याची रीत नावारूपाला आणली. धूर कोंडून काळी भांडी भाजण्याची विद्या आपल्या कुंभारांनाही अपरिचित नाही. मारियाने पुढे भांड्यांवर आपले नाव कोरले आणि जगाने किंमत मोजली. असे सांगतात की गावातील इतर स्त्रियांची भांडीही विकली जावीत म्हणून ती त्यांच्या भांड्यांवरही आपले नाव घालून देत असे. १९८० साली ती वारली. १९९० साली अमेरिकेत कायदा झाला : आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा दंडास व तुरुंगवासास पात्र असा गुन्हा ठरला.

या उदाहरणातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हेही स्पष्ट असावे. श्रम करणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या वस्तूवर असावे, तिच्या कारागिरीची नक्कल करून पोट भरणाऱ्याला कायद्याने अडवावे, हे घ्यावे. परंतु श्रीमंत संग्राहकांच्या बाजारावर सारी भिस्त ठेवली की दहा नावे मोठी होतात आणि शंभर हात रिकामेच राहतात, हेही तितकेच खरे. मारियाने दुसऱ्यांच्या भांड्यांवर आपले नाव घातले, ते तिचे मोठेपण. पण कोणा एकीच्या मोठेपणावर गावाचे पोट चालावे, अशी वेळच येऊ नये, यासाठी संघटना लागते.

महाराष्ट्राने रोजगार हमीचा विचार देशाला दिला. त्याचा पहिला प्रयोग १९६५ साली वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे झाला. १९७७ साली त्याचा कायदा झाला. १९७२च्या दुष्काळात कुंभार, सुतार, लोहार सारेच खडी फोडण्याच्या कामावर गेले आणि त्या कामाने त्यांना जगवले, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे. पण जो हात माठ घडवू शकतो त्याला हातोडाच देता येतो, ही आपल्या कल्पनाशक्तीची मर्यादा होती. मागेल त्याला काम हे तत्त्व मान्य झाले. ज्याच्या हातात कौशल्य आहे त्याला त्या कौशल्याचे काम, ही पुढची पायरी चढायची अद्याप राहिली आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तलावातल्या गाळाचा ठराविक हिस्सा हाताने भांडी घडवणाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि त्याची जागा कागदावर नेमून द्यावी. गावठाण वाढले, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, म्हणून आवा गावाबाहेर हुसकावायचा असेल तर आधी त्याला सार्वजनिक जमीन, छप्पर आणि कमी धुराची सामाईक भट्टी द्यावी, आणि ती कारागिरांच्या सहकारी संस्थेने चालवावी. कामात हात असलेल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद व्हावी. शाळा, अंगणवाड्या, एस.टी.ची स्थानके, कचेऱ्या येथील पिण्याच्या पाण्याचे माठ स्थानिक कुंभारांकडून घ्यावेत आणि त्यांची किंमत घडवणाऱ्याला निदान किमान वेतन पडेल अशा हिशोबाने ठरवावी. २०१८ साली राज्यात प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा तिची जागा मातीच्या पेल्याने घेतली नाही. आतून प्लास्टिकचाच थर असलेल्या कागदी पेल्याने घेतली. बंदीचा कायदा करणाऱ्यांना कुंभार आठवला असता तर हे असे झाले नसते. आणि शेवटची मागणी : ही विद्या शिकण्याची सोय कोणत्याही जातीच्या मुला-मुलीला असावी. कुंभाराच्या मुलाला डॉक्टर होता आले पाहिजे आणि पाटलाच्या मुलीला चाकावर बसता आले पाहिजे. दोन्ही दारे उघडी असतील तेव्हाच या कामाला कला म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. एरवी ती सक्ती आहे, तिला कितीही सुंदर नाव द्या.

कार्यकर्त्यांना माझे एक सांगणे आहे. आपण ऊसतोड कामगारांविषयी, यंत्रमागांविषयी, धरणग्रस्तांविषयी बोलतो, बोललेच पाहिजे. पण गावोगावच्या कुंभारवाड्यात आपल्यापैकी कितीजण जाऊन बसले? कितीजणांनी माती कोठून येते, जळणाला काय पडते, एका आव्यामागे दोघांच्या मिळून किती दिवसांची मजुरी सुटते, याची वही घातली? डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, त्याची पारायणे आपण केली. विजेवरचे चाक मिळालेल्या कुंभाराला विजेचे बिल आणि मातीचा ठिकाणा या दोन गोष्टी कोण देणार, हे मात्र विचारले नाही. सरकारच्या दारात मागणी घेऊन जाण्याआधी ही वही आपल्या हाती असली पाहिजे. मे महिन्यात तलाव आटतात. गाळ उपसण्याची कामे सुरू होण्याआधी गावागावातून ही नोंद पुरी करावी.

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा आला. पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मारकाला आपण हार घालतो, भाषणे करतो. ती माणसे ज्या कचेरीवर गेली, ती कचेरी आता आपली आहे, असे आपण म्हणतो. ती खरोखर आपली असेल, तर तळ्याच्या कोरड्या पात्रातला गाळ कोणी न्यावा हे ठरवताना तेथे कुंभारणीलाही बोलता आले पाहिजे. ते बोलण्यासाठी तिच्याबरोबर त्या पायऱ्या चढणारे दहा कार्यकर्ते वडुजात निघतील की नाही, एवढाच प्रश्न आता उरला आहे.